दैनिक शब्दकोड्याची उकल : 'वर्डल'च्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

कोडी घालणे आणि ती उकलणे हा बौद्धिक व्यवहार बहुतेक सर्व भाषिक समाजांत आढळतो. मराठीत उखाणे, हुमाण, कूटश्लोक आणि वृत्तपत्रांतील शब्दकोडी अशी त्याची विविध रूपे आहेत. आंतरजालाच्या प्रसारानंतर या व्यवहाराला जे नवे रूप लाभले, त्यात 'वर्डल' या इंग्रजी शब्दकोड्याचे स्थान महत्त्वाचे आहे. दररोज एक पाच अक्षरी शब्द, तो ओळखण्यासाठी सहा संधी, आणि सर्व खेळाडूंसाठी त्या दिवशी तोच एक शब्द, एवढेच त्याचे बाह्य स्वरूप आहे. ज्याचा इंग्रजी शब्दसंग्रह मोठा तो या खेळात यशस्वी होतो, असा सर्वसाधारण समज दिसतो. हा समज अपुरा आहे. हे कोडे प्रामुख्याने प्रश्न विचारण्याच्या रीतीचे कोडे आहे, आणि उत्तम प्रश्न हा पुष्कळदा उत्तराच्या जवळपासही नसतो. प्रस्तुत लेखात या विधानाचा अर्थ कोड्याच्या अंतर्गत रचनेच्या आधारे स्पष्ट केला असून, शेवटी देवनागरी लिपीच्या संदर्भात उद्भवणाऱ्या प्रश्नाचाही विचार केला आहे. इंग्रजी शब्दांची अक्षरे येथे त्यांच्या नावांनी लिहिली आहेत.

कोड्याचा उगम आणि नियम

वेल्समध्ये जन्मलेले व न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहणारे संगणक अभियंता जॉश वॉर्डल हे या कोड्याचे जनक होत. स्वतःच्या आडनावावर श्लेष करून त्यांनी खेळाला नाव दिले. त्याचा प्राथमिक आराखडा २०१३ मध्ये तयार झाला होता, परंतु खेळ सार्वजनिक झाला तो ऑक्टोबर २०२१ मध्ये. १ नोव्हेंबर २०२१ रोजी त्याचे ९० खेळाडू होते. जानेवारी २०२२ च्या आरंभी ही संख्या तीन लाखांवर आणि पुढे काही दिवसांतच वीस लाखांवर गेली. उत्तर न फोडता केवळ रंगीत चौकोनांच्या रूपाने आपला निकाल इतरांना पाठविण्याची सोय डिसेंबर २०२१ मध्ये झाली, हे या वाढीचे एक कारण मानले जाते. ३१ जानेवारी २०२२ रोजी 'द न्यूयॉर्क टाइम्स' या वृत्तपत्राने हा खेळ विकत घेतल्याचे जाहीर केले.

इंग्रजीत पाच अक्षरी शब्द सुमारे बारा-तेरा हजार भरतात. त्यांतील बहुसंख्य सामान्य वाचकाला अपरिचित असतात. वॉर्डल यांच्या सहचारिणी पलक शाह यांनी हे सर्व शब्द एकेक करून पाहिले आणि परिचित असलेले तेवढे निवडले. यातूनच उत्तरांची २,३१५ शब्दांची मूळ यादी सिद्ध झाली. म्हणजे मूळ खेळात दोन याद्या होत्या. तर्क म्हणून १२,९७२ शब्द चालत, परंतु उत्तर मात्र २,३१५ शब्दांपैकीच एक असे. या भेदाचे महत्त्व पुढे दिसून येईल. वृत्तपत्राकडे खेळ गेल्यावर यादीत बदल झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'स्लेव्ह', 'लिंच', 'वेंच' यांसारखे आक्षेपार्ह, 'प्यूपल' व 'अगोरा' यांसारखे दुर्बोध आणि 'फायबर' हा ब्रिटिश वर्णलेखनाचा असे सहा शब्द वगळण्यात आले. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये या खेळासाठी स्वतंत्र संपादक म्हणून ट्रेसी बेनेट यांची नियुक्ती झाली. येथील गणिती विवेचन मूळ याद्यांवर आधारलेले आहे.

रंगसंकेतांचा नियम सोपा वाटतो. अक्षर योग्य आणि जागाही योग्य असेल तर हिरवा, अक्षर शब्दात आहे पण जागा चुकली असेल तर पिवळा आणि अक्षर शब्दात नसेल तर करडा रंग मिळतो. तथापि एखादे अक्षर तर्कात दोनदा आले म्हणजे नियमाचे खरे स्वरूप कळते. उदा. उत्तर 'सी-आर-ए-एन-ई' म्हणजे 'क्रेन' आहे आणि खेळाडूने 'ई-ई-आर-आय-ई' म्हणजे 'ईअरी' हा शब्द दिला. उत्तरात 'ई' एकच आहे व ते शेवटी आहे. म्हणून तर्कातील शेवटचे 'ई' हिरवे होते, आणि आरंभीची दोन्ही 'ई' करडी होतात. येथे करड्या रंगाचा अर्थ 'हे अक्षर शब्दात नाही' असा नसून 'याहून अधिक वेळा नाही' असा आहे. नवख्या खेळाडूंचा घोळ बहुधा येथेच होतो. नवख्यांचाच होतो असेही नाही. गणितविषयक चित्रफितींसाठी प्रसिद्ध असलेले ग्रँट सँडरसन यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने 'क्रेन' हा आरंभीचा सर्वोत्तम शब्द ठरविला होता. नंतर पुनरावृत्त अक्षरांना रंग देण्याच्या आज्ञावलीत दोष राहिल्याचे लक्षात आल्याने त्यांनी स्वतःच तो निष्कर्ष मागे घेतला.

पूर्वपीठिका

या कोड्याची कल्पना सर्वस्वी नवी नाही. कागद-पेन्सिलीवर खेळला जाणारा 'बुल्स अँड काउज' हा अंक ओळखण्याचा जुना खेळ, १९५५ मधील 'जॉटो' हा शब्दखेळ, आणि अमेरिकन दूरचित्रवाणीवर १९८७ मध्ये सुरू झालेला 'लिंगो' हा कार्यक्रम ही त्याची पूर्वरूपे होत. त्यांपैकी अभ्यासाच्या दृष्टीने सर्वांत फलदायी ठरला तो 'मास्टरमाइंड'. मॉर्डेकाय मेरोविट्झ यांनी कल्पिलेला हा खेळ १९७० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमधील एका कंपनीने बाजारात आणला. त्यात सहा रंगांच्या खुंट्या चार छिद्रांत लावलेल्या असतात. एकूण मांडण्या १,२९६ होतात. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले की, कोणतीही मांडणी जास्तीत जास्त पाच चालींत ओळखता येते. त्यांची रीत अशी होती : प्रत्येक संभाव्य चालीनंतर वाईटात वाईट परिस्थितीत किती शक्यता शिल्लक राहतील ते मोजावे आणि ही संख्या ज्या चालीने सर्वांत लहान होईल ती चाल खेळावी. एका रंगाच्या दोन व दुसऱ्या रंगाच्या दोन अशा खुंट्यांनी आरंभ केल्यास पहिल्याच चालीनंतर २५६ पेक्षा अधिक मांडण्या उरत नाहीत.

नूथ यांच्या रीतीत चाल बरोबर येण्याची शक्यता किती, हा प्रश्न निवडीच्या केंद्रस्थानी नाही. उत्तर काहीही आले तरी अज्ञान किती कमी होईल, एवढेच ती रीत पाहते. वर्डलच्या उकलीची गुरुकिल्ली हीच आहे.

अनिश्चिततेचे मोजमाप

अज्ञान मोजण्याचे माप क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात दिले. ज्या प्रश्नाचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असून दोन्हींची शक्यता समान आहे, त्या प्रश्नातून एक 'बिट' माहिती मिळते. प्रत्येक बिट शक्यतांची संख्या निम्मी करतो. २,३१५ शब्दांतून एक शब्द ठरविण्यास सुमारे ११.२ बिट माहिती लागते, कारण २,३१५ ला अकरा वेळा निम्मे करीत गेल्यास आपण एकाच्या जवळ पोहोचतो.

आता दोन अक्षरांची तुलना करू. 'ई' हे अक्षर मूळ यादीतील सुमारे ४५ टक्के शब्दांत येते. ते शब्दात आहे की नाही, एवढे कळले तरी जवळजवळ पूर्ण एक बिट माहिती हाती येते. याउलट 'जे' हे अक्षर २,३१५ पैकी अवघ्या २७ शब्दांत आहे. ते सापडले तर मोठा लाभ होतो हे खरे, पण तसे क्वचितच घडते; सरासरीने पाहता 'जे'विषयीच्या प्रश्नातून ०.०९ बिट इतकीच माहिती मिळते. दुर्मीळ अक्षर वापरून उत्तर अचूक पकडण्याचा मोह किती महाग पडतो, हे या दोन आकड्यांवरून ध्यानात येते.

प्रत्यक्षात एक तर्क म्हणजे पाच अक्षरांविषयी एकाच वेळी विचारलेले पाच प्रश्न होत. प्रत्येक जागी तीन रंग शक्य असल्याने रंगांच्या मांडण्या २४३ होतात. त्यांपैकी पाच मांडण्या अशक्य आहेत. चार अक्षरे हिरवी आणि उरलेले एक पिवळे असे कधीच होऊ शकत नाही, कारण त्या पिवळ्या अक्षराला जाण्यासाठी दुसरी जागाच उरलेली नसते. उरलेल्या २३८ मांडण्यांत २,३१५ शब्द जितके समप्रमाणात विखुरतील, तितका तर्क चांगला. 'आर-ए-आय-एस-ई' म्हणजे 'रेझ' या शब्दाने आरंभ केल्यास सर्वांत मोठ्या गटातही १६८ शब्दच राहतात. नूथ यांच्या कसोटीवर हा आरंभ उत्तम ठरतो.

अक्षरांची निव्वळ वारंवारता पुरेशी नसते. जागाही पाहावी लागते. 'एस' या अक्षराने साडेतीनशेहून अधिक उत्तरे सुरू होतात, परंतु 'एस'ने संपणारी उत्तरे चाळीसहूनही कमी आहेत. इंग्रजी अनेकवचने बहुशः 'एस'ने संपतात, मात्र साधी अनेकवचने उत्तरांच्या यादीतून वगळलेली आहेत. त्यामुळे अनेकवचनी शब्दाने आरंभ करणारा खेळाडू पाचवी जागा जवळजवळ वाया घालवितो. भाषेचे ज्ञान उपयोगी पडते ते असे. शब्द अधिक माहीत असण्यापेक्षा यादी कोणत्या दृष्टीने केली आहे हे ओळखणे अधिक उपकारक ठरते.

सर्वोत्तम आरंभ

सरासरी कमीत कमी प्रयत्नांत उत्तर मिळावे, अशी कसोटी लावली तर सर्वोत्तम आरंभ कोणता? मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील दिमित्रिस बर्टसिमास आणि अ‍ॅलेक्स पास्कोव्ह यांनी २०२२ मध्ये या प्रश्नाची केवळ अंदाजे नव्हे तर निर्णायक उकल केली. अ‍ॅलेक्स सेल्बी या अभ्यासकानेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तेच उत्तर काढले होते. तो शब्द 'एस-ए-एल-ई-टी' म्हणजे 'सॅलेट' हा आहे. या शब्दाने आरंभ करून पुढील प्रत्येक चाल निर्दोष खेळल्यास सरासरी ३.४२ प्रयत्नांत उत्तर मिळते आणि पाचाहून अधिक प्रयत्न कधीच लागत नाहीत.

सॅलेट म्हणजे पंधराव्या शतकातील युरोपीय सैनिकांचे शिरस्त्राण. इतका अपरिचित शब्द उत्तरांच्या यादीत असणे शक्यच नव्हते, आणि तो नाहीही. तो केवळ तर्कांच्या यादीत आहे. याचा अर्थ असा की, या शब्दाने आरंभ करणारा खेळाडू पहिल्या प्रयत्नात कधीही जिंकू शकत नाही. २,३१५ त एक एवढी क्षीण संधीदेखील तो सोडून देतो. त्या बदल्यात ११.२ पैकी जवळजवळ निम्म्या बिटांइतकी अनिश्चितता पहिल्याच चालीत नाहीशी होते. हा व्यवहार फायद्याचा आहे, परंतु मनाला तो सहज पटत नाही.

समान शब्दांचा सापळा

मनाला न पटणारा हा व्यवहार खेळाच्या मध्यावर अधिक कसोटीचा ठरतो. समजा, दोन प्रयत्न झाले आहेत आणि अखेरची चार अक्षरे 'ए-टी-सी-एच' ही हिरवी झाली आहेत. पहिले अक्षर तेवढे बाकी आहे. बॅच, कॅच, हॅच, लॅच, मॅच, पॅच आणि वॉच असे सात शब्द शक्य आहेत, व चार संधी शिल्लक आहेत. चार अक्षरे मिळाल्याच्या आनंदात बहुतेक खेळाडू एकामागून एक हे शब्द देत जातात. चार संधींत सातांपैकी चारच शब्द तपासता येतात. अपयशाची शक्यता सातांत तीन, म्हणजे सुमारे ४३ टक्के राहते. येथे शब्दसंग्रह पुरेसा आहे, सातही शब्द शाळकरी मुलांना माहीत असतात, तरी खेळाडू हरतो.

आता तिसरी चाल म्हणून 'सी-एल-ए-एम-पी' म्हणजे 'क्लॅम्प' हा शब्द दिला असे समजू. तो उत्तर असू शकत नाही, हे खेळाडूला पक्के माहीत आहे. पण 'एल' पिवळे झाले तर उत्तर 'लॅच', 'एम' झाले तर 'मॅच', 'पी' झाले तर 'पॅच', आणि आरंभीचे 'सी' हिरवे झाले तर 'कॅच' असे चौथ्या प्रयत्नात निश्चित सांगता येते. यांपैकी काहीच झाले नाही तर बॅच, हॅच, वॉच हे तीन उरतात आणि संधीही तीनच असतात. अपयशाची शक्यता ४३ टक्क्यांवरून शून्यावर येते. किंमत एवढीच की, तिसऱ्या प्रयत्नात जिंकण्याची सातांत एक संधी सोडावी लागते.

असे असता खेळाडू 'क्लॅम्प' का देत नाहीत? मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे उद्बोधक ठरतो. २, ४, ६ हे अंक एका नियमात बसतात एवढे सांगून तो नियम शोधण्यास त्यांनी सहभागींना सांगितले. सहभागी स्वतः अंकत्रिके सुचवून ती नियमात बसतात की नाही ते विचारू शकत होते. बहुतेकांनी आपल्या मनातील नियमाला जुळणारीच त्रिके सुचविली. तो नियम खोटा ठरविणारे त्रिक फार थोड्यांनी विचारले. खरा नियम 'चढत्या क्रमाचे कोणतेही तीन अंक' इतका साधा होता. आपल्या अनुमानाला होकार मिळविण्याकडे मनाचा कल असतो आणि नकारातूनही तेवढेच शिकता येते याचा विसर पडतो. वर्डलमधील हिरवा रंग हा असाच होकार आहे. एकदा मिळालेला हिरवा चौकोन पुढच्या ओळीत सोडून देणे खेळाडूला नुकसानीसारखे वाटते.

खेळातील 'कठीण प्रकार' या वृत्तीला नियमाचेच रूप देतो. त्यात मिळालेले संकेत पुढील प्रत्येक तर्कात वापरणे बंधनकारक असल्याने 'क्लॅम्प' देताच येत नाही. हा प्रकार निवडणारे खेळाडू स्वतःला अधिक निष्ठावान समजतात, त्याला हरकत नाही. मात्र सात समान शब्दांपुढे त्यांना दैवावाचून दुसरा आधार राहत नाही. शब्दांची लांबी व यादी वाटेल तेवढी वाढू दिल्यास उत्तम चाल शोधणे संगणकालाही अत्यंत दुष्कर होते, हे डॅनियल लोकश्तानोव्ह व बर्नार्डो सुबेर्कासो यांनी २०२२ मध्ये सिद्ध केले आहे.

देवनागरीतील प्रश्न

वर्डलच्या धर्तीवर भारतीय भाषांतही खेळ निघाले. मराठीपुरता विचार केला तर पहिलाच प्रश्न असा की, एका चौकोनात काय लिहावे? 'पुस्तक' हा शब्द संगणकाच्या दृष्टीने प, उकार, स, हलन्तचिन्ह, त, क अशा सहा चिन्हांचा आहे, तर वाचकाच्या दृष्टीने 'पु', 'स्त', 'क' अशा तीन अक्षरांचा. वृत्तपत्रीय शब्दकोड्यांनी चौकोनात काना-मात्रेसह संपूर्ण अक्षर, प्रसंगी जोडाक्षर, लिहिण्याचा प्रघात पूर्वीच पाडला आहे आणि मराठी वाचकाच्या सवयीला तोच जुळतो. परंतु शब्दशोधाच्या कोड्यात त्याचे परिणाम वेगळे होतात. इंग्रजीत मूळ अक्षरे २६ असून चार तर्कांत त्यांपैकी २० अक्षरे तपासून होतात. मराठीत ३४ व्यंजनांची बाराखडी मांडली तर ४०८ अक्षरे होतात, जोडाक्षरे निराळीच. तीन अक्षरी शब्दाच्या कोड्यात सहाही संधी वापरल्या तरी अठरा अक्षरे तपासून होतील. बहुतेक ओळी करड्याच राहतील, आणि सतत नकार देणारा प्रश्न किती कमी माहिती देतो हे 'जे'च्या उदाहरणात पाहिलेच आहे.

यावर एक उपाय संभवतो. व्यंजन बरोबर पण स्वर चुकला, उदा. 'पि'च्या जागी 'पु', तर चौथ्या रंगाचा संकेत द्यावा. तीन अक्षरांच्या शब्दाला तीन रंगांत २७ मांडण्या मिळतात, चार रंगांत ६४. चार अक्षरी शब्द घेऊन चार रंग ठेवले तर २५६ मांडण्या होतात, म्हणजे इंग्रजीतील २४३ हून किंचित अधिक.

मराठीत खेळाडूच्या साहाय्याला शुद्धलेखनाचे नियमही येतात. शॅनन यांनी १९५१ मध्ये मजकुरातील पुढचे अक्षर वाचकांकडून ओळखवून इंग्रजीतील अतिरिक्तता मोजली होती; 'क्यू'नंतर 'यू' येणार हे ठाऊक असल्याने ते 'यू' नवी माहिती देत नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार शब्दाच्या अखेरचा इकार वा उकार दीर्घ लिहिला जातो. अकारान्त मराठी शब्दातील उपान्त्य इकार-उकारही दीर्घ असतो : गरीब, वकील, फूल. म्हणून अशा जागी ऱ्हस्व-दीर्घाचा संकेत खेळाडूला नवे काही सांगत नाही. तत्सम शब्दांनी मात्र दक्ष राहावे लागते, कारण 'मंदिर' आणि 'गुण' हे या उपान्त्य नियमाबाहेर राहतात.

मग उरते ती यादी. 'घोडा' उत्तर म्हणून चालेल, पण 'घोड्याला', 'घोड्याचा' ही रूपे चालावीत काय? एका नामाची अशी कित्येक रूपे होत असल्याने ती घेतली तर यादी अनेक पटींनी फुगते, आणि इंग्रजीतील साध्या अनेकवचनांप्रमाणे ती वगळणेच योग्य दिसते. तथापि विभक्तिप्रत्यय न लागलेले, चार अक्षरी आणि सर्वसामान्य वाचकाला परिचित असे मराठी शब्द कोणते, हे शब्दकोशातून आपोआप निघत नाही. पलक शाह यांनी बारा हजार शब्द एकेक करून पाहिले, तसे ते कोणीतरी बसून पाहावे लागतात.